येरवड्याचं स्टूल

कोपनहेगनच्या सुतारसंघाचं प्रदर्शन १९२७ पासून १९६६ पर्यंत दरवर्षी भरत असे. एका वास्तुशिल्पकारानं चित्र काढायचं, एका मुरलेल्या सुतारानं ते लाकडात उतरवायचं आणि दोघांनी मिळून लोकांपुढे मांडायचं, असा तिथला रिवाज. फिन यूल आणि नील्स वोडर, हान्स वेग्नर आणि योहानेस हान्सेन या जोड्या त्यातूनच नावारूपाला आल्या. वोडरच्या कारखान्यातल्या खुर्चीच्या पोटाला तापलेल्या लोखंडानं डाग दिलेला असतो. त्यात सुतार म्हणून वोडरचं नाव आणि वास्तुशिल्पकार म्हणून यूलचं. चित्र काढणाऱ्याच्या शेजारी रंधा मारणाऱ्याला जागा मिळाली, याचं मला आजही अप्रूप वाटतं. आज जगभरच्या लिलावघरांत बोली चढते ती या डागावर. लाकूड तेच, सांधे तेच, पण डाग नसेल तर किंमत खाली येते.

माझा एक मित्र पवनचक्क्यांच्या कामासाठी काही वर्षं डेन्मार्कला राहून आला. येताना त्यानं तिथल्या जुन्या सामानाच्या दुकानातून एक बुटकं स्टूल आणलं. आता ते कल्याणीनगरच्या त्याच्या घरात बाल्कनीच्या दाराशी असतं आणि त्यावर बसायची कुणालाही परवानगी नाही. सागाचे चार गोल पाय, खाली निमुळते होत गेलेले, आणि कागदी दोरीनं विणलेली बैठक. ही कागदी दोरी म्हणजे युद्धकाळातली काटकसर. दुसऱ्या महायुद्धात बैठका विणायचं समुद्री गवत मिळेनासं झालं, तेव्हा डॅनिश लोकांनी पीळ दिलेल्या कागदाची दोरी वापरायला घेतली. युद्ध संपलं, दोरी राहिली. वेग्नरच्या प्रसिद्ध वाय-पाठीच्या खुर्चीला अशी सुमारे १२० मीटर दोरी लागते. हे सगळं ज्ञान मला मित्राकडूनच मिळालेलं आहे, कारण त्याच्या घरी चहा या व्याख्यानासकट मिळतो.

त्याच्या स्टुलाखाली एक गोल शिक्का आहे, ‘डॅनिश फर्निचरमेकर्स कंट्रोल’. म्हणजे माल तपासून पास केलेला आहे. सुताराचं नाव मात्र नाही, कारखान्याचंही नाही. मित्राला याचा फार त्रास होतो. रात्र रात्र तो लिलावांच्या जुन्या याद्या चाळतो, पायाची ठेवण अमक्यासारखी, आडपट्टीची जागा तमक्यासारखी, असं जुळवत बसतो. “एकदा नाव कळलं ना, की झालं,” म्हणतो. काय झालं, ते तो सांगत नाही आणि मीही विचारत नाही. नाव कळलं की किंमत कळेल, हे दोघांनाही ठाऊक असतं.

त्याच्या घरापासून येरवडा मध्यवर्ती कारागृह रिक्षानं दहा मिनिटांवर आहे. माझ्या घरातलं स्टूल तिथलं.

कारागृहाबाहेर रस्त्यालगत बंद्यांनी केलेल्या वस्तूंचं विक्री केंद्र आहे. देव्हारे, पाट, चौरंग, झुलत्या खुर्च्या, सतरंज्या, टॉवेल असा माल तिथे असतो, आणि दिवाळीला, राखीपौर्णिमेला मेळाही भरतो. पुणेकर तिथे जरा गंभीर चेहऱ्यानं शिरतात आणि “साग अस्सल आहे हं, भेसळ नाही” असं एकमेकांना सांगत बाहेर पडतात. मालाची डोळे मिटून खात्री द्यावी अशी जी थोडी ठिकाणं या शहरात उरली आहेत, त्यांत तुरुंग यावा हे हसण्यावारी न्यायचं की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

माझं स्टूल दिसायला त्या डॅनिश स्टुलाच्या पासंगालाही पुरणार नाही. पाय चौकोनी, किंचित बाहेर फाकलेले. तळाशी चारही बाजूंनी पट्ट्या. एका हातानं उचलायला गेलं तर मनगटाला जाणवेल इतकं जड. पण पट्ट्या पायांना खिळ्यांनी मारलेल्या नाहीत. टोकं तासून, पायात चौकोनी भोकं पाडून त्यात ठोकून बसवलेल्या आहेत, आणि इतक्या वर्षांत एकही हललेली नाही. बल्ब बदलायला चढा, चपला घालायला बसा, पाहुणे आले की त्यावर ट्रे ठेवा, त्याची तक्रार नसते. वरून लाखेचं पॉलिश आहे, खालून कोरं लाकूड. आणि त्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीच्या खुणा आहेत. बैठकीच्या चार कोपऱ्यांत चार आकडे, प्रत्येक पायाच्या डोक्याजवळ तोच आकडा, म्हणजे कुठला पाय कुठल्या भोकात हे घोटाळायला नको. सगळेच सुतार असं करतात. आकडे मराठी आहेत. दोनचं शेपूट लांब ओढलेलं आहे, शाळेत पाटीवर गिरवताना ओढायचे तसं.

या स्टुलाच्या कर्त्याविषयी माझ्याकडे एवढाच पुरावा आहे. तो मराठी शाळेत गेला होता आणि जोड लावण्याआधी खूण करायची शिस्त त्याला होती.

आपल्याकडे स्टूल हे मुळात घरातलं आसन नव्हे. घरात पाट होता, चौरंग होता, बैठक होती. पाण्याच्या भांड्यासाठी घडवंची, देवाच्या समईसाठी तिवई. स्टूल आलं ते कचेरी, दवाखाना, प्रयोगशाळा यांच्याबरोबर, आणि आलं तेच उतरंडीतली आपली पायरी घेऊन. साहेब आत खुर्चीवर, शिपाई दाराबाहेर स्टुलावर. डॉक्टर फिरत्या खुर्चीत, पेशंट स्टुलावर. दुकानात शेठजी गादीवर, पोऱ्या स्टुलावर. स्टुलाला पाठ नसते आणि हात नसतात, कारण त्यावर बसणाऱ्यानं टेकू नये, रेलू नये, हाक आली की उठावं अशी अपेक्षा असते. कुठल्याही जुन्या सरकारी इमारतीच्या व्हरांड्यात जा, बसणाऱ्याच्या हुद्द्याचा हिशेब आसनांवरून लावता येतो.

उत्तरेकडच्या त्या देशांतही स्टुलाचं कूळ फार मोठं नव्हतं. गाईची धार काढणारी बाई आणि चप्पल शिवणारा चांभार यांचं ते आसन. तीन पाय, कारण गोठ्याची जमीन उंचसखल असते आणि तीन पायांचं आसन कुठल्याही जमिनीवर डगमगत नाही. आपल्या तिवईलाही तीनच पाय आहेत ते याच कारणानं. १९४२ मध्ये मोगेन्स लासेन या डॅनिश वास्तुशिल्पकारानं चांभाराच्या स्टुलाची ठेवण उचलली, बैठकीला बसणाऱ्याच्या बुडाचा आकार दिला आणि ते दिवाणखान्यात आणून ठेवलं. त्याआधी १९३३ मध्ये फिनलंडमध्ये आल्वार आल्तोनं बर्च लाकडाचे तीन पाय वाकवून एकावर एक रचता येणारं स्टूल केलं. ते आजही बनतं आणि जगभर विकलं जातं. कोर क्लिंटनं १९३० मध्ये केलेलं घडीचं स्टूल मिटलं की दोन पाय एकमेकांत पीळ घालून एकच गोल काठी होते. गोठ्यातून निघालेली वस्तू संग्रहालयात जाऊन बसली. आपल्या स्टुलाला अजून व्हरांड्याबाहेर कुणी बोलावलेलं नाही.

मित्राच्या स्टुलातली एक गोष्ट त्याला मी मुद्दाम ऐकवतो. साग डेन्मार्कमध्ये उगवत नाही. तो मोसमी पावसाच्या जंगलांचा राजा. ब्रह्मदेश, सयाम, जावा आणि आपलं आलापल्ली-बल्लारशा, ही त्याची घरं. कोपनहेगनच्या ईस्ट एशियाटिक कंपनीनं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सयामच्या सागावर बस्तान बसवलं होतं, आणि पन्नाशीच्या दशकात जे ‘डॅनिश’ म्हणून जगभर मिरवलं गेलं त्यातलं कितीतरी लाकूड आशियातून बोटीनं गेलेलं होतं. सागात वाळूचा अंश असतो, त्यानं हत्याराची धार लवकर मरते. ओक आणि बीच कापायची सवय असलेल्या त्या कारागिरांना हे लाकूड सुरुवातीला जड गेलं असणार. आपल्या सुतारांना ते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. दिवसातून किती वेळा पटाशी दगडावर घासायची, हे त्यांचे हात सांगतात. बल्लारशाचा साग म्हणजे आपल्याकडे नाणं. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ मध्ये लाकूड निघालं तेही तिथूनच. तेव्हा मित्राचं स्टूल आणि माझं स्टूल ही एकाच झाडाच्या गोतातली; एकाला परदेशवारी घडली आणि दुसऱ्याला तुरुंगवास.

येरवड्याचा तुरुंग १८७१ चा. काळ्या दगडाच्या भिंती, पाचशे एकरांहून मोठा पसारा, आणि महाराष्ट्रातल्या कारागृहांत सर्वांत मोठं म्हणून लौकिक. मंजूर क्षमता अडीच हजारांच्या आत, आणि प्रत्यक्षातली संख्या वर्षानुवर्षं तिच्या दुपटीच्या पुढे. त्यातले बहुसंख्य न्यायाधीन बंदी, म्हणजे ज्यांचा निकाल अजून लागायचा आहे असे. कारखान्यात कामाला जातात ते मुख्यतः सिद्धदोष, सश्रम शिक्षेचे. सुतारकाम, विणकाम, लोहारकाम, शिवणकाम, बेकरी असे विभाग आहेत. सरकारी फॉर्म छापणारा छापखाना शेजारीच आहे. शाळा, कचेऱ्या, न्यायालयं यांच्याकडे कारागृहांच्या कारखान्यांतून टेबलं-बाकं जातात. ज्या न्यायालयात एखाद्याला शिक्षा झाली तिथल्याच बाकाचे पाय पुढच्या वर्षी तो तासत असेल, हे अगदीच अशक्य नाही.

आत मी गेलेलो नाही. सुतारशाळेची कल्पना करतो ती बाहेरच्या सुतारशाळांवरून. तोच भुशाचा गोड वास असेल, त्याच ढलप्या पायाखाली असतील. फरक एवढाच की तिथे पटाशी, करवत, वाकस सकाळी मोजून हातात दिली जाते आणि संध्याकाळी मोजून परत घेतली जाते. बराकीत दाटीवाटीनं झोपणाऱ्या माणसाला दिवसाचे काही तास स्वतःचं असं एक बाक, एक शिकंजा आणि पुढ्यात एक फळी मिळते. हे काम त्याला शिक्षा वाटतं की सुटका, ते मला ठाऊक नाही. अभिवचन रजा (पॅरोल) आणि संचित रजा (फर्लो) यांच्यामधल्या लांबलचक दिवसांत रंधा मारण्याइतकं डोकं शांत करणारं दुसरं काम नाही, असं एक बाहेरचा सुतार मला म्हणाला होता. पण तो बाहेरचा होता.

येरवड्यातून निघालेल्या लाकडी वस्तूंत एकच वस्तू जगाच्या लिलावात गेलेली मला माहीत आहे. ती स्टूल नव्हे, चरखा.

१९२२ मध्ये गांधीजी पहिल्यांदा येरवड्याला आले तेव्हा चरखा जवळ ठेवण्याचीच अडचण झाली. आधी नकार, मग काही दिवसांत परवानगी. १९३० च्या मे महिन्यात मिठाच्या सत्याग्रहात पकडून त्यांना पुन्हा इथे आणलं, तोवर चरखा हा त्यांच्यासाठी यंत्रशास्त्राचा प्रश्न झाला होता. आदल्याच वर्षी अखिल भारतीय चरखा संघानं सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. अट अशी की यंत्र हिंदुस्थानात बनावं, खेड्यातल्या माणसाला चालवता यावं, किंमत १५० रुपयांच्या आत असावी. किर्लोस्करवाडीत तयार झालेलं काळे यांचं यंत्रही पुढे या स्पर्धेत उतरलं. बक्षीस अखेर कुणालाच मिळालं नाही. पण तुरुंगाच्या खोलीत बसून गांधीजी ज्या चरख्यावर प्रयोग करत राहिले, त्याला त्यांनी नाव दिलं येरवडा चक्र.

त्याची रचना पाहण्यासारखी आहे. उभ्या चरख्याचं मोठं चाक घरातली एक अख्खी जागा खातं, कारण चातीला वेग द्यायचा तर चाक मोठं हवं. येरवडा चक्रात एका मोठ्या चाकाऐवजी दोन लहान चाकं आडवी बसवली. मुठीचं चाक दोरीनं दुसऱ्या लहान चाकाला फिरवतं, आणि ते चाक चातीला. वेग दोन टप्प्यांत वाढतो, म्हणून चाकं छोटी चालतात. सगळं एका लाकडी पेटीत मावतं, झाकण लावलं की हातात धरून रेल्वेत बसता येतं. पुढे याची पुस्तकाएवढी आवृत्तीही निघाली. नगर रस्त्यावरच्या आगाखान पॅलेसमध्ये गेलात तर त्या काळाची आठवण देणारे चरखे बघायला मिळतात. जागा नसलेल्या माणसानं काढलेली ही युक्ती आहे, हे बघताक्षणी कळतं. कोठडी नसती तर पेटी सुचली असती का, असं मला दर वेळी वाटतं.

येरवड्यात गांधीजींनी वापरलेला असा एक चरखा १९३५ मध्ये फ्लॉइड पफर या अमेरिकन मिशनऱ्याला भेट मिळाला होता. पफर हे खेड्यांतल्या उद्योगशिक्षणात रमलेले गृहस्थ, बांबूचा नांगर करणारे. २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये इंग्लंडमधल्या श्रॉपशर परगण्यात मुलॉक्स या लिलावघरानं तो विकला. बोली गेली एक लाख दहा हजार पौंडांवर. तेव्हाच्या बातम्यांत तो कुणी वापरला, कुणाला दिला, कुठे होता, हे सगळं आलं. त्याच्या पेटीला रंधा कुणी मारला, चाकांचे आरे कुणी बसवले, हे कुठल्या बातमीत वाचल्याचं मला आठवत नाही. डॅनिश खुर्चीची किंमत करणाऱ्याच्या नावानं वाढते, आपल्या चरख्याची वापरणाऱ्याच्या नावानं. दोन्हीकडे नाव हवंच असतं.

ही तुलना जमली तेव्हा मी मित्रावर कुरघोडी केल्याच्या थाटात होतो. मग एक दिवस वोडरच्या डागाचा विचार नीट केला आणि थाट उतरला. वोडर कारखान्याचे मालक. त्यांच्या हाताखाली कारागीर होते, उमेदवार होते. यूलच्या खुर्चीचा तो वळणदार हात प्रत्यक्ष कानशीनं आणि पॉलिश पेपरनं घोटणारा माणूस कोण, हे त्या डागातही नाहीच. तिथेही नाव आहे ते दुकानाचं. म्हणजे कोपनहेगनचा कारागीर आणि येरवड्याचा बंदी, दोघंही त्यांच्या त्यांच्या स्टुलाखाली निनावीच.

तरी दोघांत फरक आहे, आणि तो नावाचा नाही. डेन्मार्कमधला उमेदवार काही वर्षं शिकतो आणि शेवटी परीक्षेसाठी स्वतःच्या हातानं एक वस्तू करतो. परीक्षक सांधे तपासतात, पास करतात, उत्तम काम असेल तर पदकही मिळतं. ते प्रमाणपत्र घेऊन तो कुठल्याही कारखान्याच्या दारात उभा राहू शकतो. शेजारच्या स्वीडनमध्ये तर एकोणिसाव्या शतकात शाळेतल्या पोरांनाच सुतारकाम शिकवायची एक पद्धत उभी राहिली. ऑटो सालोमन यांनी नेस या गावी तिच्यासाठी शिक्षक तयार करणारी शाळा चालवली आणि देशोदेशीचे मास्तर तिथे शिकायला गेले. सालोमन यांचं म्हणणं होतं की मुलानं स्टूल करायचं ते स्टुलासाठी नव्हे, मुलासाठी. कामानं हात आणि मन सरळ होतं. १९३७ च्या वर्धा परिषदेत नयी तालीमचा जो विचार मांडला गेला त्याचं या विचाराशी जवळचं नातं आहे. आणि तुरुंगाच्या सुतारशाळेमागेही सरकार हेच कारण सांगतं: काम माणसाला सुधारतं.

असेल. पण स्वीडनच्या पोरानं केलेलं स्टूल तो घरी न्यायचा, आईला दाखवायचा. येरवड्याच्या सुतारानं केलेलं स्टूल माझ्या घरी आलं.

तुरुंगातल्या हातांची कामं तशी खूप सांगितली जातात. १९३२ मध्ये सरदार पटेल याच येरवड्यात रद्दी कागदांची पाकिटं बनवत असत; पुढे कित्येक वर्षांनी संजय दत्त इथेच कागदी पिशव्या बनवत होता. मोठ्या नावाची पिशवी लगेच बातमी होते. ज्याचं नाव मोठं नाही, ज्याला आपण शिक्षा दिली, त्याच्या कामाचं काय? मला त्याच्याविषयी हळवं व्हायचं नाही. त्यानं कुणाचा तरी जीव घेतला असेल. कुणाच्या तरी घरात त्याच्यामुळे एक जागा कायमची रिकामी झाली असेल. त्याचं नाव स्टुलाखाली कोरावं, असं मी म्हणणार नाही. बाहेर आल्यावर ते नाव कुणी ओळखू नये, हीच त्याची इच्छा असण्याचा संभव जास्त. निनावी राहणं ही काही माणसांची गरज असते आणि ती आपण पुरवली पाहिजे.

प्रश्न मजुरीचा आहे. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गुजरात सरकारच्या खटल्यात स्पष्ट सांगितलं की सश्रम शिक्षा असली तरी कामाची न्याय्य मजुरी दिली पाहिजे, आणि तिचा काही भाग गुन्ह्यात ज्यांचं नुकसान झालं त्यांच्यासाठी बाजूला काढण्याची सोय राज्यांनी करावी. निकाल दोन्ही बाजूंचा विचार करणारा होता. त्यानंतर मजुरी अधूनमधून वाढली. २०२३ मध्येही वाढली. आणि वाढूनही महाराष्ट्रात कुशल बंद्याची दिवसाची मजुरी शंभर रुपयांच्या आत राहिली. कुशल म्हणजे तोच, ज्याच्या सांध्यात सुरी शिरत नाही. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटच्या आसपास काम करणारा सुतार तेवढ्यात सकाळचा नाश्ता आणि दुपारचा चहा उरकतो.

यात त्या भवानी पेठेच्या सुताराचंही हित अडकलेलं आहे. जॉर्ज बर्डवूड या मुंबईत राहिलेल्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८८० मध्ये हिंदी कलांवरच्या आपल्या ग्रंथात तुरुंगांतल्या गालिच्यांवर झोड उठवली होती. तुरुंगातली स्वस्त मजुरी बाहेरच्या विणकरांना बुडवते आणि कलेचाही कस घालवते, अशी त्याची तक्रार. तरी तुरुंगांतलं विणकाम थांबलं नाही. १८९४ मध्ये आग्र्याच्या तुरुंगात विणलेला अवाढव्य गालिचा व्हिक्टोरिया राणीच्या विंडसर किल्ल्यात गेला आणि आजही तिथे आहे. बर्डवूडची इतर पुष्कळ मतं मला पटत नाहीत, पण या तक्रारीतला हिशेब खरा आहे. आतल्याला कमी दिलं की बाहेरच्यालाही कमी घ्यावं लागतं. आतल्याला पुरेसं दिलं तर स्टूल थोडं महाग होईल. होऊ दे. सागाचं स्टूल माणूस आयुष्यात एकदा घेतो.

मित्राला हे सगळं सांगितलं तेव्हा तो आपल्या स्टुलाच्या गोल शिक्क्याकडे बघत म्हणाला, “म्हणजे तुमच्या तुरुंगानंही असा शिक्का मारावा म्हणतोस?” तसं नाही. दर्जाची खात्री लोकांना शिक्क्याशिवायच आहे. मला हवी आहे ती एक चिठ्ठी. येरवड्याच्या विक्री केंद्रात प्रत्येक वस्तूला किंमत लावलेली असते. त्या किमतीखाली आणखी तीन ओळी छापायला कारागृह विभागाला फारसा खर्च येणार नाही, छापखानाही शेजारीच आहे. या वस्तूला किती दिवस लागले, त्याची मजुरी किती दिली, आणि त्यातला किती भाग नुकसान झालेल्यांसाठी गेला. नाव नको, क्रमांक नको. त्याबरोबर सुटणाऱ्या प्रत्येक कुशल सुताराच्या हातात कामाचं एक साधं प्रमाणपत्र द्यावं, ज्यावर तो सुतार आहे एवढंच लिहिलेलं असेल, कुठे शिकला ते नाही.

आणि गिऱ्हाइकांनी या दिवाळीच्या मेळ्यात देव्हारा किंवा चौरंग पसंत केल्यावर, घासाघीस करण्याऐवजी, काउंटरवर एवढं विचारावं: याची मजुरी किती दिली?